वजाबाकीनंतर जे उरतं : गोव्यातली ‘संगाथ’

मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची तर आपण तिचा वार्षिक अहवाल चाळतो. किती शिबिरं झाली, किती जणांचं समुपदेशन झालं, बरं वाटलेल्या दोघातिघांची मनोगतं. यातून संस्थेची धडपड कळते, माणसं तिच्यामुळे बरी झाली का हे कळत नाही. नैराश्याचा भर पुष्कळदा आपसूक ओसरतो. माणूस मदत मागायला येतो तोच मुळी फार वाईट दिवसांत, त्यामुळे पुढे काहीही केलं किंवा न केलं तरी काहींना उतार पडतोच. हा आपोआपचा उतार वजा केल्याशिवाय संस्थेच्या पदरात किती श्रेय टाकायचं हे ठरत नाही. ही वजाबाकी उघडपणे करून दाखवणाऱ्या आपल्याकडच्या मोजक्या संस्थांमध्ये ‘संगाथ’चं नाव अगदी वर येतं. तिच्यावर विश्वास ठेवावा असं मला वाटतं ते तिला यश मिळालं एवढ्यासाठीच नव्हे. जिथे फरक पडला नाही, तेही तिने तितक्याच ठळकपणे छापलं, म्हणून.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये गोव्यात संगाथ सुरू केली. गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ पोचणं शक्य नाही हे तेव्हाही उघड होतं. पुढे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. मानसोपचाराची पदवी नसलेली स्थानिक माणसं शिकवून तयार केली तर ती हे काम करू शकतील का, हा संगाथचा प्रश्न. त्यांच्या ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’मध्ये तो नीट तपासला गेला. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या रुग्णाला नऊ प्रश्न विचारायचे. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक कशी होती, कशात मन रमलं का, जगणं नकोसं झालं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज पंधरा किंवा जास्त आली तर रुग्ण कार्यक्रमात. मग सहा ते आठ भेटी. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडलेल्या प्रत्येक गोष्टीगणिक आणखी खचतो, म्हणून समुपदेशक त्याच्याबरोबर बसून झेपतील अशी छोटी कामं ठरवतो, उदाहरणार्थ शेजारी जाऊन येणं किंवा बंद पडलेलं भजन पुन्हा धरणं, आणि पुढच्या भेटीत काय जमलं, काय अडलं ते विचारतो. या बैठकांचं ध्वनिमुद्रण होई, ते समुपदेशक एकत्र बसून ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

दहा केंद्रांतल्या ४९५ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. दुसरा गटही वाऱ्यावर सोडला नव्हता; त्यांच्या तपासणीचा निष्कर्ष डॉक्टरांना कळवलेला होता. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. तुलनेचा गट नसता तर शंभरातल्या ६४ जणांचं श्रेय संस्थेच्या खात्यावर पडलं असतं. खरं श्रेय २५ जणांचं. वर्षभराने हे आकडे ६३ आणि ४८ झाले, म्हणजे फरक टिकला पण आक्रसला. तरीही इतक्या साध्या, स्वस्त उपायासाठी तो फार मोठा आहे.

त्याआधी झालेल्या संगाथच्याच ‘मानस’ चाचणीकडे मात्र जास्त बारकाईने पाहायला हवं. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले : २४ दवाखाने, २७९६ रुग्ण. सरकारी केंद्रांत समुपदेशनाने सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले, त्याविना ४२.५ टक्के. खाजगी डॉक्टरांकडे मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच, ६४.१ आणि ६५.९. तिथे रुग्णाला तोच डॉक्टर पुन्हा भेटतो, थोडा वेळही देतो. समुपदेशकाने भर घालावी अशी जागाच कदाचित उरत नसावी. एखाद्या संस्थेने सगळ्यांची बेरीज करून सरासरीच पुढे केली असती. ती सरासरीही चांगलीच होती. फोड करून दाखवल्यामुळे पैसा कुठे घालावा हे कळलं : जिथे डॉक्टरला मान वर करायला फुरसत नाही, अशा सरकारी केंद्रात. दारू पिणाऱ्या पुरुषांसाठीच्या समुपदेशनाचंही तसंच. दारू सोडणारे वाढले, पण जे पीत राहिले त्यांचं पिणं कमी झालं नाही, हेही संस्थेने लपवलं नाही.

दुःख असं गुणांत मोजता येतं का, हा आक्षेप रास्त आहे. गुण देणाऱ्या तपासनीसाला रुग्ण कोणत्या गटातला हे सांगितलेलं नसतं, पण रुग्णाला ते ठाऊक असतंच आणि ज्याने आपुलकीने ऐकलं त्याच्या बाजूने उत्तर थोडं झुकू शकतं. ही त्रुटी पूर्ण जात नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल : डोक्यावर कर्ज असलेल्याला बोलण्याचा काय उपयोग? समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या संस्थेला दारातूनच परत पाठवावं. पण ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’च्या चाचणीत समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांनी नवऱ्याकडून होणारी हिंसाही कमी सांगितली. म्हणजे परिणाम मनापुरताच राहिला नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, तर नैराश्याचं प्रमाण १४.६वरून ११.३वर आलं. यातला पहिला आकडा मी मोकळ्या मनाने स्वीकारतो. दुसऱ्याबाबत हात आखडता घेतो, कारण तुलनेला दुसरी गावं नव्हती आणि पीकपाण्याचं एखादं बरं वर्षही एवढा फरक घडवू शकतं.

हेच काम आता आशा कार्यकर्तीकडे द्यावं, अशी मागणी होते. तिच्या खांद्यावर आधीच लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळं आहे. प्रशिक्षण तिला देता येईल. पण तिची बैठक ऐकून तिला गुण देणारं, चुकलं तिथे थांबवणारं कोण असेल, त्याचा पगार कोण देईल, आणि हा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला आहे का? विस्ताराचा आराखडा घेऊन येणाऱ्या कोणत्याही संस्थेला, संगाथलाही, देणगीदाराने पहिल्यांदा हेच विचारावं.