गणित सोपं करणाऱ्या दोघी

मैत्रिणींनो, आज एक गंमत करून बघा. घरातल्या दुसरी-तिसरीतल्या पोराला 'एकोणसत्तर' लिहायला सांगा. कानावर पडतं 'सत्तर', म्हणून बरीच मुलं आधी ७ लिहून मोकळी होतात. मग आपण ओरडतो, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" लक्ष असतं हो त्याचं! नीट ऐकलंय, म्हणूनच तर सात लिहिलंय बिचाऱ्याने.

मी नाशिकला सिडकोत घरच्या घरी शिकवण्या घेते. माझ्याकडची मुलं अडखळतात ती नेमकी इथेच. आपण म्हणतो 'पंचवीस', म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. त्यात 'सदुसष्ट', 'अठ्ठ्याहत्तर', 'ब्याण्णव' असले एकेक जोडाक्षरांचे डोंगर! मोठ्यांना सवयीने काही वाटत नाही. पण सात वर्षांच्या पोराला वाटतं, मला गणित येत नाही. ही भीती एकदा बसली की पार म्हातारपणापर्यंत पुरते.

म्हणूनच २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यानावं आली, तेव्हा मी कान टवकारले. आठवतंय ना केवढा गहजब झाला होता? विनोदांना ऊत आला, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली, विषय थेट विधानसभेत गेला. खरं तर 'एकवीस' कुणी पुसून टाकलं नव्हतं. जुनी पद्धतही पुस्तकात होतीच, सोबत ही सोपी दिली होती. या सगळ्या टीकेला शांतपणे उत्तर देत होत्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं : मुलाला आधी संख्या कळू दे, तिची भीती जाऊ दे.

आणि हे खूळ काही जगावेगळं नव्हतं. नॉर्वेमध्येही पूर्वी आपल्यासारखं 'एक आणि वीस' म्हणायचे. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे व्हायचे, म्हणून १९५१ साली तिथे सरकारी निर्णयाने 'वीस-एक' म्हणायला सुरुवात झाली. जर्मन भाषेत अजूनही 'एक-आणि-वीस'च चालतं. तिथेही काही गणितज्ञ 'वीस-एक'साठी झटताहेत. म्हणजे आपल्या पिंट्याची अडचण तिकडच्या पिंट्यालाही आहेच की!

मंगलाताईंचं नाव घेतलं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "जयंत नारळीकरांच्या पत्नी ना?" होत्याच. आकाशातल्या ताऱ्यांची गोष्ट मराठी घराघरात नेणारे जयंतराव आपल्या नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. डिसेंबर २०२१मध्ये तब्येतीमुळे ते येऊ शकले नव्हते. २०२५च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा सगळ्यांनाच हळहळ वाटली. पण मंगलाताईंची ओळख तेवढीच नव्हती. १९४३चा त्यांचा जन्म. माहेरच्या त्या राजवाडे. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला त्या पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळवलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला लागल्या. मग लग्न, केंब्रिजचा संसार, तिथे विद्यार्थ्यांना शिकवणं. १९७२ साली कुटुंब भारतात परतलं. तीन मुली, सासू-सासरे, आला-गेला, सगळं आलंच. यातून वाट काढत १९८१ साली त्यांनी संख्या सिद्धांतात (नंबर थिअरीत) पीएच.डी. मिळवली. म्हणजे लग्नानंतर जवळपास पंधरा-सोळा वर्षांनी!

भारतातल्या सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांवर २००८ साली 'लीलावतीज डॉटर्स' नावाचं पुस्तक निघालं. त्यात मंगलाताईंनी स्वतःबद्दल लिहिलंय. आपल्या पिढीतल्या बऱ्याच शिकलेल्या बायकांसारखंच आपणही घर आधी आणि गणित नंतर ठेवलं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. कुठे कुरकुर नाही, की मोठेपणाचा आव नाही. मला ते वाचून दोन्ही वाटलं. बरं वाटलं, की एवढी हुशार बाई आपल्यातलीच. आणि चुटपुटही लागली, की सुवर्णपदकालाही वाट बघत बसावं लागतं.

पण जो वेळ मिळाला, त्याचं त्यांनी सोनं केलं. पुणे विद्यापीठात शिकवलं, 'गणिताच्या सोप्या वाटा'सारखी पुस्तकं साध्या मराठीत लिहिली. १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखी आठवते ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक बाई, मारिया कुनित्झ. आजच्या पोलंडमध्ये असलेल्या, पण तेव्हा जर्मन बोलणाऱ्या सायलेशिया भागातली. ग्रह कधी कुठे दिसेल, हे काढण्यासाठी केप्लर या थोर शास्त्रज्ञाने १६२७ साली कोष्टकं छापली होती. आपलं पंचांग करणाऱ्यांना लागतात ना, तशीच. पण ती वापरायला महाकिचकट. मारियाने ती सोपी केली. युद्धाची धामधूम, घरदार सोडून पळायची वेळ, एका मठाच्या आसऱ्याला राहून आकडेमोड! १६५० साली तिचं 'उरानिया प्रोपिशिया' हे पुस्तक आलं. सोपं करताना काही ठिकाणी अचूकता थोडी कमी झाली, पण वापरणाऱ्याची पुष्कळ डोकेफोड वाचली. तेव्हा विद्वान मंडळी लॅटिनमध्येच लिहायची. हिने लॅटिनसोबत जर्मनमध्येही लिहिलं, साध्या माणसांना वाचता यावं म्हणून.

आणि गंमत बघा. पुस्तक मारियाचंच आहे, हे लोकांना पटावं म्हणून तिच्या डॉक्टर नवऱ्याला मुद्दाम पुस्तकात तसं लिहावं लागलं! १६५६च्या आगीत त्यांचे कागद, उपकरणं जळून गेली. १६६४ साली ती वारली. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव आहे.

दोघींत तीन शतकांचं अंतर, पण काम एकच : अवघड गोष्ट आपल्या माणसांच्या भाषेत सोपी करून सांगायची. याला काही जण कमी प्रतीचं काम समजतात. मला नाही तसं वाटत, आणि त्याचं कारण सांगते.

आमच्या बचत गटात पंचवटीत भाजी विकणारी एक ताई आहे. पाव किलो मिरची, दीड किलो वांगी, दोन जुड्या मेथी, हिशेब तोंडावर तयार. पण गटाची वही पुढे केली की म्हणायची, "ते लिहायचं गणित आपलं काम नाही, बाई." एकदा बोलता बोलता कळलं, तिने एका सावकाराकडून दहा हजार घेतलेत, महिन्याला शेकडा दहाने. दरमहा हजार रुपये व्याज देत होती, तेही वर्षभर. मी काही शिकवलं नाही. फक्त वहीवर एकाखाली एक बारा वेळा हजार लिहिलं आणि म्हटलं, तूच कर बेरीज. तिने बोट फिरवलं, गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे बारा हजार देऊनबी माझे धा हजार तस्सेच?"

त्याच महिन्यात तिने गटातून दहा हजारांचं कर्ज उचललं, शेकडा दोनने. पहिल्या महिन्याचं व्याज दोनशे रुपये. सावकाराचं मिटवून टाकलं. ती हिशेबात कधीच कच्ची नव्हती. 'हे आपलं काम नाही' असं कुणीतरी लहानपणी तिच्या डोक्यात घातलं होतं, आणि त्याचे ती महिन्याला हजार रुपये मोजत होती.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांसमोर, विशेषतः मुलींसमोर, "मला पण गणित यायचं नाही" हे वाक्य हसत हसतसुद्धा म्हणू नका. दुधाचा हिशेब, गॅसची सबसिडी, भिशी, हप्त्याने घेतलेला मिक्सर, हे सगळं त्यांना शेजारी बसवून करा. चुकलं तर चुकू द्या. आणि पोराने एकोणसत्तरला ७९ लिहिलं, तर धपाटा घालण्याआधी म्हणा, "साठ आणि नऊ." बघा, पुढच्या क्षणी तो बरोबर लिहितो की नाही!