पान आपलं, माल भलत्याचाच
ऑनलाइन बाजारातल्या 'बसलेल्या' लिस्टिंगविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

आर्वीतून देशभर माल विकायला आता मोठ्या शहरात दुकान लागत नाही. गवळाऊ गाईचं तूप असो की वर्धा जिल्ह्यातलीच वायगावची हळद, घरी पॅकिंग करायचं, चार नीट फोटो काढायचे, लिस्टिंग टाकायचं. कुरिअरवाला दारातून पार्सल उचलतो. सुरुवातीचे महिने रेटिंग जमवण्यात जातात. पान जोर धरू लागतं आणि नेमक्या त्याच सुमारास ऑर्डरी आटतात. उघडून बघावं तर ब्रँड आपला, फोटो आपले, रिव्ह्यू आपल्याच गिऱ्हाइकांचे. 'विक्रेता' या बारीक अक्षरांतल्या ओळीत मात्र भलतंच नाव, आणि किंमत वीस रुपयांनी कमी. धंद्यातली माणसं म्हणतात, "लिस्टिंगवर दुसरा सेलर बसला."

यानंतर माणूस घाईघाईने जे करतो, त्यातलं बरंचसं गैरसमजातून होतं. त्या गैरसमजांचा हा हिशेब.

गैरसमज १ : लिस्टिंग मी बनवलं, म्हणजे पान माझं.

वस्तुस्थिती : ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या बाजारांत पान वस्तूचं असतं. एकच वस्तू पन्नास जण विकत असतील तर पन्नास पानं नकोत, म्हणून कॅटलॉगात प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो. ॲमेझॉनवर तो दहा अक्षर-अंकांचा 'एसिन'. तीच वस्तू आपल्याकडे आहे असं म्हणणारा कोणीही विक्रेता त्या क्रमांकाला आपली किंमत आणि साठा जोडू शकतो. रेटिंग आणि रिव्ह्यू त्या क्रमांकालाच चिकटलेले असतात. खरेदीचं मुख्य बटण एका वेळी एकाच विक्रेत्याकडे जातं आणि ते कोणाकडे जावं हे किंमत, साठा, पोचवण्याचा वेग अशा गोष्टींवरून यंत्रणा ठरवते. म्हणून वीस रुपयांचा फरक ऑर्डरी पळवू शकतो.

आठवडी बाजारातला ओटा दर खेपेला तुम्हीच झाडून घेतलात, तरी तो तुमच्या नावावर होत नाही, तसंच हे. तुमचा हक्क असतो तो नावावर, फोटोवर, पाकिटावरच्या छपाईवर. पुढची सगळी लढाई या तीन गोष्टींच्या बळावर लढायची असते.

गैरसमज २ : पानावर दुसरा विक्रेता दिसला की तो चोरच.

वस्तुस्थिती : नेहमीच नाही. तुम्ही नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याला शंभर डबे विकले आणि त्याने ते तुमच्याच पानावरून विकले, तर ती फेरविक्री झाली. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३० खऱ्या, रीतसर विकत घेतलेल्या मालाच्या फेरविक्रीला मोकळीक देतं. मालाची स्थिती बदलणं किंवा बिघडवणं यासारखं रास्त कारण असेल, तरच मालकाला हरकत घेता येते. तेव्हा आधी आपली बिलं तपासा. माल कोणाकोणाला ठोकात दिला होता?

खरी लबाडी साधारण तीन प्रकारची. पहिला प्रकार, पान तुमचं पण गिऱ्हाइकाच्या हाती पडतो दुसराच माल. दुसरा, पानाचा मजकूरच बदलतो: शीर्षक, फोटो, कधी ब्रँडचं नावही. तिसरा प्रकार रिव्ह्यू पळवण्याचा. भलतीच वस्तू तुमच्या वस्तूचा 'प्रकार' म्हणून त्याच पानाला जोडतात आणि जुने तारे नव्या मालावर चमकू लागतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'द बाउंटिफुल कंपनी' या व्हिटॅमिन विकणाऱ्या कंपनीवर ६ लाख डॉलर भरण्याची कारवाई केली, ती याच युक्तीसाठी. कंपनीने ॲमेझॉनवर आपल्या नव्या गोळ्या जुन्या खपाऊ गोळ्यांच्या प्रकारांत घुसवल्या होत्या.

तक्रार करताना यांपैकी कोणता प्रकार, हे पहिल्याच ओळीत यायला हवं. प्रत्येकाचा पुरावा वेगळा आणि तक्रारीची खिडकीही बहुधा वेगळी.

गैरसमज ३ : आपलं खातं हॅक झालं.

वस्तुस्थिती : पानावर कोणी बसला म्हणजे तुमच्या खात्यात कोणी शिरला असं नव्हे. आधी सेलर खात्यात जाऊन बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल आणि ईमेल तपासा. यातलं काही बदललेलं दिसलं तर ती खातं बळकावल्याची घटना आहे. मग पासवर्ड बदला, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा, कारण इथे मिनिटांना किंमत असते. हे सगळं जागच्या जागी असेल, तर प्रश्न नाव आणि नक्कल यांचा आहे. तो घेऊन सायबर पोलिसांकडे धावलात तर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

गैरसमज ४ : ट्रेडमार्क नोंदवला नाही, म्हणजे आता काहीच हाती नाही.

वस्तुस्थिती : हाती कमी आहे, पण रिकामं नाही. नोंद नसलेल्या पण बाजारात रुजलेल्या नावाची नक्कल करून आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं याविरुद्ध दावा करता येतो. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २७ ने तो मार्ग राखून ठेवला आहे. फोटोंवर तर कॉपीराइट आपोआप असतो, नोंदणीची सक्ती नाही. फोटोग्राफरला पैसे देऊन तुमच्यासाठी फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही. म्हणून फोटोग्राफरचं बिल आणि मूळ फाइली जपा.

या विषयातलं भारतातलं ठळक प्रकरण २०२२ चं आहे. 'व्ही ट्रॅडिशन' या नावाने स्त्रियांचे कपडे विकणारा विक्रेता दिल्ली उच्च न्यायालयात गेला. फ्लिपकार्टवर इतर विक्रेत्यांना त्याच्या लिस्टिंगला आपला माल जोडण्याची सोय मिळत होती. या सोयीला 'लॅचिंग ऑन' म्हणतात. त्याचं नाव आणि त्याचे फोटो त्याच्या संमतीशिवाय असे वापरू देणं न्यायालयाला मान्य झालं नाही. त्याच्या मालापुरती ही सोय बंद करण्याचा अंतरिम आदेश निघाला. आदेश त्या एका वादीपुरता असला, तरी तक्रारीत त्याचा दाखला देता येतो.

तरीही नोंदणी करावीच. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. नोंद १० वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. हळद वर्ग ३० मध्ये, तूप वर्ग २९ मध्ये, म्हणजे दोन्ही विकत असाल तर दोन वर्ग. नोंदणीचा आणखी एक फायदा आर्वीच्या माणसाने विशेष लक्षात घ्यावा: नोंदवलेल्या ट्रेडमार्कचा दावा कलम १३४ मुळे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. नोंद नसेल तर ही सवलत नाही, आणि बसलेला सेलर कुठल्या राज्यातला निघेल याचा नेम नसतो.

गैरसमज ५ : नाव ठेवलं, जीआय मिळालं, की ब्रँड सुरक्षित.

वस्तुस्थिती : 'शुद्ध गावरान तूप' किंवा 'आर्वी हळद' ही नावं मालाचं वर्णन करतात. अशा वर्णनावर एकट्याची मालकी मिळणं कलम ९ मुळे अवघड. आपलं म्हणून उठून दिसेल असा वेगळा शब्द लागतो. नोंद होण्याआधी पाकिटावर वर्तुळातलं 'आर' छापायला तर कायद्याने मनाईच आहे. अर्ज करून ठेवला असेल तोवर 'टीएम' लिहावं.

जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, काम वेगळं आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते त्या भागातल्या सगळ्या अधिकृत वापरकर्त्यांचं सामायिक नाव. बाहेरची हळद 'वायगाव' म्हणून विकली जात असेल तर जीआय कामी येतं. पण तुमच्या पानावर वायगावचाच दुसरा शेतकरी बसला, तर जीआयचा काही उपयोग नाही. तिथे तुमचा ट्रेडमार्कच लागेल.

नावाची पाळत सतत ठेवावी लागते, हे खादीच्या उदाहरणावरून दिसतं. सेवाग्राम आणि मगनवाडीमुळे वर्ध्याचं खादीशी जुनं नातं. त्या 'खादी' नावाखाली भलताच माल विकणाऱ्या दीडशेहून अधिक लिंका खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२० मध्ये ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडीलसारख्या बाजारांवरून काढायला लावल्या. एवढ्या मोठ्या सरकारी संस्थेलाही लिंका शोधाव्या लागल्या, नोटिसा धाडाव्या लागल्या. आपोआप काहीच झालं नाही.

गैरसमज ६ : कंपनी 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणते, मग तिला कोण धरणार?

वस्तुस्थिती : माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं, पण ते अटींवर. २०२१ च्या नियमांप्रमाणे मध्यस्थाच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढायची असते. कॉपीराइटच्या बाबतीत न्यायालयाचा आदेशच हवा असं नाही. नेमकी लिंक दाखवणारी नोटीस पुरते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मायस्पेस प्रकरणात म्हटलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये आणखी एक उपयोगी तरतूद आहे: ज्यांचा माल ट्रेडमार्क किंवा कॉपीराइटच्या कारणाने आधी काढून टाकला आणि तरी जे पुन्हा पुन्हा तेच करतात, अशा विक्रेत्यांची नोंद ठेवण्याचा प्रयत्न बाजाराने करायचा असतो. म्हणून दुसऱ्यांदा तक्रार करताना पहिलीचा क्रमांक जरूर द्या.

मध्यस्थाला दंड होतच नाही, हेही खरं नाही. गुणवत्तेच्या निकषांत न बसणारे प्रेशर कुकर विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ॲमेझॉनला आणि फ्लिपकार्टलाही प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला आणि विकलेले कुकर परत घ्यायला सांगितले.

गैरसमज ७ : स्क्रीनशॉट काढला, पुरावा झाला.

वस्तुस्थिती : स्क्रीनशॉट ही सुरुवात. वजनदार पुरावा म्हणजे चाचणी खरेदी. बसलेल्या सेलरचं नाव दिसत असताना त्याच्याकडूनच एक पाकीट मागवा. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा: लेबल, सील, पाकीट, आतला माल. मग दोन पाकिटं शेजारी ठेवा. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक जुळवा. पानावरच्या फोटोत तुमचा क्रमांक आणि आलेल्या पाकिटावर दुसराच, किंवा मुळीच नाही, असं निघालं तर वाद तिथेच अर्धा मिटतो.

सोबतचं बिलही बोलकं असतं. त्यावरच्या १५ अक्षर-अंकी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव कळतं. बारकोड मात्र असं काही सांगत नाही: ८९० ने सुरू होणारा बारकोड भारतात नोंदला आहे एवढाच त्याचा अर्थ, माल कुठे बनला हे त्यावरून कळत नाही.

प्रकरण न्यायालयात जाईल असं वाटलं, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून मूळ फाइली फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोचा दर्जा आणि तपशील दोन्ही घटतात.

गैरसमज ८ : भाव पाडला किंवा त्याच्या मालाला वाईट रिव्ह्यू टाकले की तो पळतो.

वस्तुस्थिती : नकली माल विकणाऱ्याचा खर्च तुमच्यापेक्षा कमी, भावाच्या लढाईत आधी तुम्हीच दमाल. आणि तो वाईट रिव्ह्यू पडेल कुठे? पान एकच, म्हणजे तुमच्याच वस्तूच्या खात्यावर. शिवाय विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला २०२० च्या नियमांत मनाई आहे. संतापून दिवसाला दहा तक्रारी टाकल्यानेही काम लवकर होत नाही. सगळ्या सारख्याच मजकुराच्या असल्या तर एकत्र बांधल्या जातात. एक तक्रार, एक लिंक, एक प्रकार, सोबत पुरावा.

गैरसमज ९ : तारे साडेचार, म्हणजे ग्राहकाने डोळे मिटून घ्यावं.

वस्तुस्थिती : तारे वस्तूचे, पार्सल विक्रेत्याचं. मागवण्याआधी 'विक्रेता' या ओळीवर बोट ठेवा. त्याचं नाव, पत्ता आणि रेटिंग दाखवणं बाजाराला बंधनकारक आहे. ताजे रिव्ह्यू आधी लावून बघा: सगळे तूप वाखाणत असताना मधूनच कोणी मोबाइलच्या कव्हरविषयी लिहीत असेल, तर पानाची अदलाबदल झालेली आहे.

फसलात तर ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तरी भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार लावायची मुभा दिली आहे. आर्वीच्या ग्राहकासाठी म्हणजे वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही.

विक्रेत्याने मात्र सेलर बसण्याची वाट पाहू नये. हंगामाचा पहिला माल पानावर चढवण्याआधी ट्रेडमार्कचा अर्ज भरावा, फोटोग्राफरच्या बिलाची प्रत फाइलला लावावी आणि पाकिटावर सहज न उचलता येणारी एखादी खूण छापून घ्यावी. आधी तारखा पडलेल्या या कागदांमुळे तक्रार एका पानात मावते, आणि ती वाचणाऱ्याला तुमचा शब्द खरा मानायची गरज उरत नाही.