मूठभर हवेची स्प्रिंग

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं घट्ट बंद करा आणि दांडा दाबा. आधी तो सहज खाली जातो, मग जड होत जातो आणि शेवटचं बोटभर अंतर काही केल्या संपत नाही. हात सोडला की दांडा उसळून वर! रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच: तापमान तेच ठेवून हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट. लांब पल्ल्याच्या अवजड मोटरसायकलीचा मागचा भार हाच नियम पेलतो, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

होंडानं १९७५ मध्ये ‘गोल्डविंग जीएल १०००’ आणली, ती उघडी, बिनफेअरिंगची. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तिला पुढे वारा अडवणारं फेअरिंग लावलं, बाजूंना पेट्या, मागे डिकी, त्यात डबलसीट. मागची बाजू बसली की हँडल सुस्तावतं आणि हेडलाइट रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळतो. मग अनेकांनी मूळचे शॉकअप काढून हवेचे बसवले. होंडानंही १९८० च्या ‘जीएल ११००’ला ते कारखान्यातूनच दिले.

हवेची गंमत आकड्यांत बघा. पोलादी स्प्रिंग साधारण सरळ हिशोबानं वागते: जेवढी दाबाल तेवढा जोर. हवेचं तसं नाही. गेज १० पीएसआय दाखवतो तेव्हा वातावरणाचे जवळपास १५ तो धरतच नाही. आतला खरा दाब २५. खड्ड्यात चाक वर आलं, हवेची जागा निम्मी झाली, की खरा दाब ५०, म्हणजे गेजवर ३५. साडेतीन पट! छोट्या धक्क्याला मऊ, मोठ्याला कडक, आणि हे सांभाळायला एकही जास्तीचा पुर्जा नाही.

बसवताना गाडी जॅकवर घ्यायची, मागच्या चाकाला आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू खोलायची, नाहीतर स्विंगआर्म खाली येतो. दोन्ही शॉकअपच्या बारीक नळ्या एका टी-जोडात मिळाल्या, की दोन्हीकडे दाब आपोआप सारखा राहतो. नळी सायलेन्सरपासून लांब बांधायची. मग जोडांवर साबणाचं पाणी. पंक्चरवाला बुडबुडे शोधतो तसंच थांबून बघायचं. एवढासा बुडबुडाही चालत नाही, कारण आत हवा असतेच किती? साधा गेज लावून काढला तरी फुस्सकन आकडा उतरतो, म्हणून काढताना हवा न सोडणारा खास हातपंप लागतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर मात्र लावूच नका. क्षणात दाब मर्यादेबाहेर जातो आणि सील फाटतं.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हवा भार उचलते, पण उसळी जिरवतं ते शॉकअपमधलं तेल. गाडी खड्ड्यानंतर डोलतच राहत असेल, तर दोष तेलाकडचा. हवा वाढवून तो जात नाही.

१९८२ च्या ‘अस्पेनकेड’मध्ये होंडानं गाडीवरच कॉम्प्रेसर बसवला. तुमच्या गाडीत तो नसेल, तर निघण्यापूर्वी, शॉकअप गार असताना, डबलसीट आणि सामान धरून कंपनीच्या तक्त्यातला आकडा बघा आणि तेवढीच हवा भरा. परतताना एकटे असाल तर ती उतरवायलाही विसरू नका.