पोत्याला निरीक्षक, पैशाला वाली कोण?

खताच्या पोत्यात भेसळीचा संशय आला, तर निरीक्षक दुकानात जाऊन नमुना घेतो आणि विक्रीबंद आदेश हातात ठेवतो. आमची ही यंत्रणा अगदी चोख आहे असे नाही. पण आधी विक्री थांबते, वाद मागाहून चालतो. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशाला मात्र तालुक्यात असा निरीक्षक नाही.

पर्ल्स समूहातील पीएसीएल कंपनीचेच बघा. शेतजमीन घेऊन विकसित करून देतो, असे सांगून तिने एजंटांमार्फत हप्ते गोळा केले. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांना सेबीची नोंदणी बंधनकारक करणारे नियम १९९९ सालीच आले. कंपनी राजस्थान उच्च न्यायालयात गेली आणि २००३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयाने सेबीला चौकशीची मोकळीक दिली ती २०१३ मध्ये. पैसे परत करण्याचा सेबीचा आदेश निघाला २२ ऑगस्ट २०१४ रोजी. तोवर रक्कम ४९,१०० कोटी रुपये आणि गुंतवणूकदार सुमारे ५.८५ कोटी!

या पंधरा वर्षांत दिल्लीत भाजप आघाडीचेही सरकार झाले, काँग्रेस आघाडीचेही. वाद कोर्टात होता, हे खरे. पण कायद्यात फट होती, तर ती बुजवायला संसदेला कोणी अडवले होते? १०० कोटी वा त्याहून जास्त रक्कम जमवणारी बिननोंदणी योजना आपोआप सेबीच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती झाली २०१४ मध्ये. म्हणजे बैल पळाल्यावर गोठ्याला कडी!

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्या. आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कंपनीची मालमत्ता विकून, लहान रकमेच्या दाव्यांपासून टप्प्याटप्प्याने परतफेड सुरू झाली. पण लेकीच्या लग्नासाठी साठवलेला पैसा नातू शाळेत गेल्यावर मिळाला, तर त्याचा काय उपयोग?

राज्यात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. केंद्रानेही २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घातली. कायदे झाले हो, पण पावती घेऊन शेतकऱ्याने जायचे कुणाकडे? तालुक्याला असा एक अधिकारी हवा, जो तक्रार येताच आधी वसुली थांबवील. ही मागणी ग्रामसभेत मांडा, मते मागायला येणाऱ्यांना विचारा.

तोवर एक करा. जमिनीच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर गट नंबर विचारा, सातबारा मागा. मग एजंट सख्खा भाचा का असेना!