साक्षरतेला साठीची मर्यादा कशासाठी?

निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ हा हयातीचा डिजिटल दाखला २०१४ मध्ये सुरू झाला. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला डिजिटल साक्षर करण्याची केंद्राची मोहीम २०१७ मध्ये आली. तिची वयोमर्यादा मात्र १४ ते ६० वर्षे होती. ज्या वयाच्या नागरिकांना डिजिटल सेवेकडे वळवले, त्याच वयाला शिक्षणातून वगळले. ही विसंगती मला गंभीर वाटते.

केरळने वेगळा मार्ग धरला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा ग्रामपंचायत २०२२ मध्ये संपूर्ण डिजिटल साक्षर घोषित झाली. पुढे ‘डिजी केरळम्’ मोहीम राज्यभर नेताना वयाची वरची अट ठेवलीच नाही. नव्वदी ओलांडलेलेही त्यात शिकले.

अर्थात, फोन वापरता येणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. ‘डिजिटल अटके’चा सापळा अज्ञानापेक्षा भीतीवर चालतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाही, हे ठाऊक असेल तरच निर्धास्तपणे फोन ठेवता येतो. म्हणून हा धडा आणि १९३० हा मदत क्रमांक प्रत्येक वर्गात आधी शिकवावा, असे मी सुचवेन. ज्येष्ठ खातेदाराची मोठी रक्कम प्रथमच एखाद्या नव्या खात्यात जात असेल, तर बँकेनेही क्षणभर थांबून शहानिशा करावी.

उरते घराची जबाबदारी. बोल लागतील या धास्तीने फसलेला ज्येष्ठ गप्प राहतो आणि रक्कम रोखता येण्याचे पहिले मोलाचे तास निघून जातात.