अक्कलदाढ आणि पावरी

विसरवाडीत सुरत-धुळे रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज रात्रभर चालू असतो. पण दाढदुखीने तळमळणाऱ्याला तोही सोबतीसारखा वाटतो, असे माझा एक जुना विद्यार्थी सांगत होता. हा गडी डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी फुंकतो. खालची अक्कलदाढ आडवी वाढून पुन्हा पुन्हा सुजू लागली; काढायची ठरताच त्याने विचारले, "गुरुजी, ओठ बधिर झाला तर?"

शंका अडाणीपणाची मुळीच नव्हती. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्यातला मज्जातंतू हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला स्पर्शज्ञान देतो. त्याला इजा झाली तर ओठ हलतो, पण चहा ओघळला तरी कळत नाही. बहुतेकांची बधिरता ओसरते. एखाद्याची मात्र कायमची राहते. पावरीवाल्याने काय करावे?

मी त्याला नंदुरबारला नेले. यंत्र डोक्याभोवती फिरले आणि दोन्ही जबडे एका सपाट चित्रात उलगडले. दाढेच्या मुळापाशी बोगद्याची पांढरी कड तुटलेली दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी नेमके तिथेच बोट ठेवले. पण मूळ बोगद्याच्या गालाकडे की जिभेकडे, हे सपाट चित्र कसे सांगणार? भिंतीवरच्या सावल्या पाहून माणसांतले अंतर ओळखण्यापैकीच ते!

म्हणून सुरतेला कोन बीम सीटी काढला. त्यात साध्या चित्रापेक्षा किरणांची मात्रा जास्त, तेव्हा तो सरसकट कुणाचाही काढू नये, असे बाईंनी आधीच बजावले होते. (असे सांगणाऱ्या डॉक्टरवर माझा चटकन विश्वास बसतो.) नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटजेनने क्ष-किरण शोधले आणि जानेवारी १८९६ मध्ये ओटो वाल्खॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र काढले, त्यासाठी तो २५ मिनिटे स्थिर राहिला होता. आमचा पठ्ठ्या अर्ध्या मिनिटात कुरकुरला!

पडद्यावर जबड्याचे पातळ काप एकामागून एक सरकले. तंतू जिभेच्या बाजूने मुळाला अगदी खेटून होता. मध्ये हाडाचा पापुद्राही नव्हता. मुळे निरोगी होती, तेव्हा ती जागीच ठेवून बाईंनी दाढेचा फक्त माथा कापून काढला.

भूल उतरेपर्यंत परतीच्या वाटेवर तो सारखा ओठ चिमटीत धरून पाहत होता. रात्री आठाला त्याचा फोन आला. बोळा चावत तो बोलला, "गुरुजी, चिमटा लागला!"