स्प्रिंगऐवजी हवा

शिवनेरीच्या व्हॉल्वो बसमधला प्रवासी ज्यावर निवांत डुलकी काढतो, ती मुळात हवा असते: स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागी रबरी फुगे. कारमध्ये हीच रचना बसवताना चार फुगे, कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह आणि नळ्या लागतात.

खरी मेख नळीत. ती काटकोनात, धारदार कटरने कापावी लागते. तिरकी कापली की जोडातून हवा झिरपते. मग पंक्चरवाल्याचीच युक्ती: जोडांवर साबणाचं पाणी, बुडबुडा दिसला की गळती सापडली. हवेसोबत आलेलं पाणी अडवणारा सापळा विसरला, तर व्हॉल्व्ह गंजतात. फुगा पूर्ण फुगलेला असो वा रिकामा, तो टायरला किंवा चासीला घासता कामा नये. व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, नेहमीच्या धावत्या उंचीवर.

गळतीचं दुखणं जुनंच आहे. 1957च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅममध्ये हवेच्या फुग्यांची सोय कारखान्यातूनच आली होती, पण गळतीला कंटाळून अनेक मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. एवढ्या महागड्या गाडीत!

भारतात बाहेरून असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलेलं बरं.